पाठ न्हाय, कूस

इमाम, तू गेलास म्हणून आपला वाद मिटला असं समजू नको. एका शब्दावर आठ वर्षं भांडलो आपण, आणि परवा सकाळी तू मधीच उठून चालता झालास. दुसरा कुणी भर फडातनं असा निघून गेला असता तर तूच त्याला शिव्या घातल्या असत्यास. आता मी कुणाशी भांडू, सांग. हलिमाभाभी तर पहिल्यापासनं म्हणायची, "दगडूभाऊ, त्याच शिळ्या कढीला कितींदा ऊत आणायलाव दोघं?" आता कढी बी गेली आणि ऊत बी गेला.

तुला सगळं ठावं हाय. पण हा कागद भाभीला वाचून दाखवायचाय, आणि तिला एक गोष्ट ठावं न्हाय. मलाबी परवापर्यंत ठावं नव्हती. म्हणून पहिल्यापासनं सांगतो, मधी टोकू नको.

अक्षरं वाकडी आली तर हसू बी नको. आपली दोघांची शाळा एकच, चावडीमागचा प्रौढांचा वर्ग. सरकार बदललं, मास्तर आले, आणि आपण दोन घोडे पाटी घेऊन पोरासोरांच्या जागेवर जाऊन बसलो. तू पेन्सिल अशी धरायचास की जणू तिची मान मोडायचीय. मास्तर म्हणायचे, "इमामभाई, सोडा तिला, चित झाली ती." तीन पेन्सिली मोडून तू 'इ' काढायला शिकलास आणि म्हणलास, "बस झालं, माझं नाव हितनं सुरू होतं, पुढचं दगड्या लिहील." घे, लिहायलोय.

तू पिंजाऱ्याचा, मी हलगीवाल्याचा. तुझ्या बापाच्या हातात कापूस पिंजायचा कमठा, माझ्या बापाच्या हातात टिपरू. तुझ्या दाराशी बसून आपण दोन्हीचा ताल जुळवायचो. लोक म्हणतात, इमामचे खांदे येरमाळ्याच्या तालमीनं घडवले. साफ खोटं. खांदे त्या कमठ्यानं घडवले, तालमीनं नुसतं तेल लावलं. चारचौघांत मी तुला इमामभाई म्हणायचो, तुम्ही म्हणायचो, पैलवानाचा मान राखायचो. फडाबाहेर पडलो की इम्या. ह्यात कधी चूक झाली न्हाय माझी.

येडेश्वरीची जत्रा भरली, लोकांनी देवीच्या नावानं चुनखडी वेचली, की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. तू लंगोट कसून उतरलास की तात्या पुकारा द्यायचा, "पाठीला माती न लागलेलाऽऽ इमाम पैलवाऽऽन!" आणि म्या हलगीवर पहिली थाप टाकायची. वीस-बावीस वर्षं तो पुकारा बदलला न्हाय. आडदांड गडी आले, सोलापूरकडचे आले, कर्नाटकातनं आले. कुणी तुला गुडघ्यावर आणलं, कुणी तोंडात माती घातली. पाठ कुणाला सापडली न्हाय.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्या साली तुझ्या गल्लीतली दारं दिवसाढवळ्या बंद असायची. दोन घरं गाव सोडून गेली ती परत आली न्हायत. बाजारात लोक तुझ्या माणसांशी बोलायचे ते दुसरीकडं बघून. त्या साली फड भरंल का, तू उतरशील का, कुणालाच सांगता येत नव्हतं. तू उतरलास. तात्याचा आवाज पहिल्यांदा कापला, पण पुकारा दिला त्यानं, तोच, एक शब्द कमी न्हाय. आणि लोक उठून उभे राहिले. त्या दिवशी म्या हलगी अशी बडवली की टिपरू मोडलं. मला वाटलं, हे नाव हाय तोवर माझ्या इम्याच्या केसाला कुणी धक्का लावत न्हाय.

मग माझ्या मनात ते नाव नुसतं नाव राहिलं न्हाय. तुझ्या दाराची कडी झालं ते. तुला ह्याचा पत्ताच नव्हता, तू आपला खुशाल कापूस पिंजत बसलेला.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढल्या वर्षीची जत्रा. जळकोटचा बळीराम, बावीस वर्षांचा, उसाच्या कांड्यावानी सरळ आणि टणक. त्याची जोड तुझ्याशी लावायची म्हणून जत्रेचे पंच तुझ्या दारात आले. तू चव्वेचाळीसचा. सकाळी उठताना तुझा डावा गुडघा वाजायचा, आणि तो वाजू नये म्हणून तू खोकायचास. भाभीला वाटायचं खोकला हाय. मला ठावं होतं काय हाय ते.

पंच गेल्यावर म्या तुला धरला. तू कापूस पिंजायलास, मी गठड्याला टेकून बसलो. म्हणलं, "न्हाय म्हण. लंगोट टांग आता खुंटीला. अजून पाठीला माती न्हाय, तशीच टांग."

तू म्हणलास, "टांगायची तर ओली टांगीन. वाळकी लंगोट काय टांगायची, बे?"

"आणि हरलास तर?"

"तर हरलो."

एवढा राग आला मला. म्हणलं, "तुला सोपं हाय रे. तुझं नाव म्हणजे तुझ्या एकट्याचा माल हाय व्हय? हरलास तर राहशील काय तू? नुसता पिंजारी राहशील!"

बोललो आणि जीभ चावली. तू कमठा थांबवला न्हाईस. कापूस उडत होता, तुझ्या मिशांवर बसत होता. मग हसलास आणि म्हणलास, "येडा हैस तू. पिंजाऱ्याला काय कमी समजायलास? ह्या गावातल्या एकूण एक माणसाची पाठ मीच टेकवतो रोज. पाटलाची बी. माझ्याच गादीवर चित होतात सगळे."

मी हसलो, हसावंच लागलं. पण ते "नुसता पिंजारी" म्या कधी परत घेतलं न्हाय. आज घेतो. इमाम, चुकलो मी. हे तुझ्या तोंडावर म्हणायला आठ वर्षं होती आणि ती आठी वर्षं म्या दुसऱ्याच शब्दावर भांडण्यात घालवली.

आता ती कुस्ती. भाभी फडात येत नव्हती, म्हणून तिला सांगायला पाहिजे.

आपल्या फडाचा एक रिवाज हाय. कुस्ती चाललीय तोवर हलगी चालली पाहिजे. हलगी थांबली की पैलवानांनी हाय त्या पकडीत थांबायचं. हलगी परत वाजली तर कुस्ती पुढं, आणि न्हाय वाजली तर पंच हात वर करून सांगतात, बरोबरीत सुटली. कुणी जिंकलं न्हाय, कुणी हरलं न्हाय. बहुतेकदा हलगी थांबते ती ओल लागून कातडं सैल पडलं म्हणून. मग आम्ही काटक्या पेटवून ती शेकतो, ताठ करतो, परत वाजवतो. फार येळ लागला तर पंच कुस्ती सोडवून टाकतात. माझ्या बापानं पावसाळ्यात दोनदा अशी हलगी थांबवलेली म्या बघितलेली.

तर माझ्या डोक्यात हे शिरलं. तुझा दम संपत आला असं दिसलं की हलगी थांबवायची, उतरली म्हणायचं, काटक्या पेटवायला उशीर करायचा. कुस्ती बरोबरीत. नाव शाबूत. तुला एका शब्दानं सांगितलं न्हाय, कारण तू माझा गळा धरला असतास.

पहिली दहा मिनिटं तू त्याला खेळवलास. ते पोरगं रेड्यावानी अंगावर यायचं आणि तू वाट देऊन बाजूला सरकायचास. लोक खुश. मग त्यानं पट काढला, म्हणजे पायाला मिठी मारून तुला खाली घेतला, आणि पाठीवर बसून कब्जा केला. तू गुडघ्या-हातांवर. तुझा डावा गुडघा मातीत कापायला लागला. फडात आणखी कुणी बघितलं का ठावं न्हाय, मी जमिनीला बसलेला, माझ्या डोळ्यांपुढंच तो गुडघा. माझा हात थांबला.

सगळा फड गप्प झाला. तुम्ही दोघं तिथंच थिजलाव. पंच म्हणून बसलेले पाटील उठून माझ्याकडं आले. म्हणले, "काय झालं रं?"

म्हणलं, "मालक, हलगी उतरली. शेकावी लागंल."

पाटलांनी हलगीवर हात ठेवला आणि चटका बसल्यावानी मागं घेतला. माझ्या बापा! चैताचं ऊन, भर दुपार, कातडं पापडावानी कडक झालेलं. पावसाळ्यातली सबब म्या चैतात दिली होती. उभ्या जन्मात एकच लबाडी करायला गेलो आणि ती बी धड करता आली न्हाय.

पाटील म्हणले, "चैतात हलगी उतरती व्हय, दगड्या?"

फड हसला. पण जळकोटचे लोक हसले न्हायत. त्यांच्यातला एक वरनं ओरडला, "इमामला वाचवायला हलगी थांबवली! पंच तुमचे, हलगी तुमची!" दुसऱ्यानं माझ्या जातीवरनं शिवी दिली. पाच-सहा जण उठून खाली उतरायला लागले, माझ्याकडं. मला पळता बी येईना.

आणि तू, त्या पोराखाली दबलेला, माती तोंडात, तिथनं ओरडलास, "दगड्याऽऽ! वाजव!"

असा आवाज म्या तुझा कधी ऐकला नव्हता. म्या वाजवलं. डोळ्यांतनं पाणी चाललेलं, पण ताल चुकला न्हाय, हे मातूर खरं हाय. तू त्या कब्जातनं उठलास, कसा ते तुलाच ठावं. उभा राहिलास. फडानं एकच गिल्ला केला. मग बळीरामनं तुला खांद्यावरनं घेतला, धोबीपछाड, आणि दोघं धाडकन खाली आलाव.

हितनं पुढं आपला वाद.

मी चार हातांच्या अंतरावर होतो. म्या बघितलं. तू पडलास ते उजव्या कुशीवर. खांदा टेकला, बरगडी टेकली, पाठ वरच होती. कूस म्हणजे हार न्हाय, हे आपल्या फडातलं शेंबडं पोर बी सांगंल. अर्धा फड ओरडला "लागली", अर्धा ओरडला "कूस हाय, कूस." तुमच्या दोघांच्या अंगावर आधीच इतकी माती की पाठ बघून काय कळणार? पंचांचं आपसात जुळंना. जळकोटचे लोक अजून उभेच होते, आणि आता त्यांचा सगळा राग माझ्यावर. पाटील हात वर करायलाच निघाले होते, बरोबरीत म्हणायला.

तू उठलास. बळीरामजवळ वाकलास, त्याला हात देऊन उभं केलंस. मग पाटलांकडं बघून म्हणलास, "मालक, लागली."

कुणाला ऐकू गेलं न्हाय असं वाटून परत म्हणलास, मोठ्यानं, "माझ्या पाठीला माती लागली. पोरगं जिंकलं." आणि कडेला ठेवलेला तुझा फेटा उचलून त्याच्या डोक्याला बांधलास. जे लोक मला धरायला निघाले होते त्यांनी बळीरामला उचलला, आणि मग तुला बी उचलला. माझ्याकडं कुणी बघितलं न्हाय. मी हलगी काखोटीला मारून घरी आलो.

दोन महिने तुझ्या दारात पाऊल ठेवलं न्हाय. शेवटी तूच आलास, म्हणलास, "गादी फाटलीय का तुझी? पिंजून देतो." म्हणलं, "कूस होती." तू म्हणलास, "लागली." म्हणलं, "म्या बघितलं." तू म्हणलास, "पाठ माझी हाय का तुझी?" तिथनं जे सुरू झालं ते परवापर्यंत.

एक मातूर कबूल करतो, आणि हे भाभीनं बी ऐकावं. नावाचं मला काय बी कळत नव्हतं. मला वाटलं होतं, पुकारा गेला की तू गेलास. पुढल्या जत्रेला तात्या उभा राहिला. तू काठावर बसलेला, धोतर-सदऱ्यात. तात्यानं तोंड उघडलं आणि त्याला शब्द सापडंना, इतक्या वर्षांची सवय. मग म्हणला, "ज्यानं आपल्या तोंडानं सांगितलं, लागली, तो इमाम पैलवाऽऽन!" लोक उठले. ॲक्शनच्या साली उठले होते त्याच्यापेक्षा जास्त उठले. मी मोजले न्हायत, पण बसलेला मला एक बी दिसला न्हाय.

त्या सालापासनं येरमाळ्याला पंच तू. मग तामलवाडीनं बोलावलं, मग जळकोटनं बी बोलावलं, ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच. बांधाचं भांडण असो, वाटणीचं असो, लोक म्हणायचे, इमामभाईला विचारा, तो सोताच्या इरुद्ध बी खोटं बोलत न्हाय. तुझ्या दारात बैलगाड्या उभ्या राहायला लागल्या. जिंकलेल्या कुस्त्या कुणी काढत नव्हतं, ही एकच काढायचे. मी जे नाव वाचवायला गेलो ते लहान होतं. हरून तू मोठं नाव कमावलंस. हे म्या मनात कितींदा तरी म्हणलं, तुझ्यापुढं म्हणायला जीभ उचलली न्हाय, कारण म्हणलं असतं तर तू म्हणला असतास, "म्हणजे लागली!" आणि कूस ती कूस.

आता परवाचं सांगतो. तुला पहाटे छातीत कळ आली, भाभीनं हाक मारली, मी येईस्तोवर तू नव्हतास. तुझा हात धरला, गरम होता. भाभी रडली न्हाय, नुसती म्हणली, "दगडूभाऊ, आता कुणाशी भांडणार?" मग मीच रडलो.

पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरकडं जळकोटला निरोप दिला. बळीराम दुपारी उतरला, दोन गाड्या बदलून. तिशीचा बाप्या झालाय, पोट सुटलंय थोडं, तू बघितलं असतंस तर कान धरला असतास. कबरस्तानाच्या वाटेवर त्यानं खांदा दिला, मग माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. कबर खणून तयार होती.

खाली बघतच म्हणला, "मामा, एक सांगायचंय. आठ वर्षं तोंड शिवून बसलो, त्यांनी शपथ घातली होती. आता शपथ सुटली."

म्हणलं, "बोल."

"त्या दिवशी माझा हात त्यांच्या पाठीखाली होता. ह्यो उजवा. माती माझ्या हाताला लागली, मामा, त्यांच्या पाठीला न्हाय. कूसच होती. मी सांगणार होतो पंचांना. पण मला उठवताना ते कानात म्हणले, 'बोलू नको. दगड्याला मारतील.'"

इमाम.

आठ वर्षं तू माझ्यापुढं बसून "लागली, लागली" म्हणत राहिलास, आणि हसत राहिलास, आणि मी तुला अडाणी म्हणत राहिलो. माझी लबाडी फडापुढं उघडी पडली, आणि ती झाकायला तू पाठ दिलीस, बावीस वर्षं कुणाला न दिलेली. आणि घरी येऊन मला विचारलंस, गादी फाटलीय का. मी तुझा जलमभर ऋणी-बिणी असलं काय म्हणत न्हाय, तुला असल्या बोलण्याची शिसारी होती. मी एवढंच म्हणतो, भाभीला हे कळलं पाहिजे. तिचा नवरा हरला नव्हता.

मौलवीसाहेब म्हणले, उतरवा. तुझ्या भावांनी तुला खाली घेतला. मी कडेला वाकून बघत होतो. मला वाटलेलं, आता मातूर पाठ टेकणार, आता काय इलाज न्हाय. आणि बघतो तर त्यांनी तुला उजव्या कुशीवर वळवलं. तोंड पश्चिमेला. पाठीमागं मातीची ढेकळं लावून टेकू दिला, पण तू कुशीवर. तुमच्यात असंच ठेवतात हे मला इतक्या वर्षांत ठावं नव्हतं. तीच कूस, इम्या. उजवी.

मग सगळ्यांनी मट्टी दिली, तीन तीन मुठी. माझी पाळी आली. पहिली मूठ टाकली, दुसरी टाकली. तिसरी टाकताना म्या पंचानं निकाल सांगावा तसं मोठ्यानं म्हणलं, "न्हाय लागली!" मौलवीसाहेब माझ्याकडं बघायला लागले. शेजारनं बळीराम म्हणला, "न्हाय लागली."

दोन पंचांचं जुळलं, इमाम. आता तुझं काय चालत न्हाय.